मॅटवरून दोरीवर

२४ एप्रिल २०२२ रोजी बंगळूरूत ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. एकूण वीस खेळ. धनुर्विद्या, कबड्डी, कुस्ती, पोहणं, तलवारबाजी ही नेहमीची नावं होतीच, पण त्या वर्षी दोन नवी नावं आली: योगासन आणि मल्लखांब. जिम्नॅस्टिक्स मात्र यादीत नव्हतं. ज्या खेळात दीपा कर्माकरनं २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवून सगळ्या देशाला मध्यरात्रीपर्यंत टीव्हीसमोर बसवलं होतं, तो खेळ बाहेर, आणि तालमीतला खांब व दोरी आत!

हे उलटं झालं म्हणायचं, कारण एके काळी मल्लखांब विद्यापीठांच्या स्पर्धांत आला तो जिम्नॅस्टिक्सचं बोट धरून. १९५८ साली दिल्लीत झालेल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत तो प्रथम दिसला. १९६२ साली ग्वाल्हेरला तो रीतसर स्पर्धेचा भाग झाला, आणि १९६८च्या सुमारास आंतरविद्यापीठ जिम्नॅस्टिक्स स्पर्धेतही त्याला जागा मिळाली. म्हणजे विद्यापीठाचा जिम्नॅस्टिक्स संघ निघाला की त्याच पथकात मल्लखांबवालेही असायचे. पुढे सत्तरच्या दशकात जिम्नॅस्टिक्सच्या संघटनेनं हिशेब मांडला की हा खेळ आंतरराष्ट्रीय नाही, मग आपण तो का सांभाळायचा? मल्लखांब बाहेर पडला. त्याला स्वतःचं घर मिळालं ते उज्जैनमध्ये. तिथे २८ आणि २९ जानेवारी १९८१ रोजी स्वतंत्र अखिल भारतीय मल्लखांब स्पर्धा भरली आणि त्यातूनच या खेळाची वेगळी राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

या भांडणाशी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो पैशाचा, अंतराचा आणि छताच्या उंचीचा आहे.

ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, जुन्नरचं श्री शिवछत्रपती महाविद्यालय, मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, घोडेगावचं बी. डी. काळे महाविद्यालय ही सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांत आहे. खेळांसाठी त्याचे विभाग पाडलेले आहेत: पुणे शहर वेगळं, पुणे जिल्हा वेगळा. आधी महाविद्यालयांची आपसांत स्पर्धा, मग विभागांची एकमेकांशी, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ. तो संघ भारतीय विद्यापीठ महासंघाच्या पश्चिम विभागीय किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. कागदावर ही शिडी सर्वांना सारखीच. कबड्डीत, धावण्यात, कुस्तीत ती खरोखरच चढता येते. मंचर-नारायणगाव पट्ट्यातल्या मुलामुलींना त्या खेळांसाठी मैदान, माती आणि थोडा हट्ट पुरतो. जिम्नॅस्टिक्समध्ये तीच शिडी पहिल्या पायरीलाच अडते.

मुलींचं आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स म्हणजे चार साधनं. व्हॉल्टचं टेबल सव्वा मीटर उंच आणि त्याच्यासमोर पंचवीस मीटर धावण्याची पट्टी. दोन असमान उंचीचे बार. पाच मीटर लांब आणि फक्त दहा सेंटिमीटर रुंद बीम, तोही जमिनीपासून सव्वा मीटरवर. आणि बारा मीटर चौरसाचा, खाली स्प्रिंग असलेला फ्लोअर. याशिवाय उतरताना अंगाला मार बसू नये म्हणून जाड मॅट. हे सगळं कायमचं मांडून ठेवायला मोठा बंदिस्त हॉल लागतो. खेळाडूगणिक रोज उघडा-मांडा करायची ही साधनं नव्हेत. म्हणून हा खेळ जिथे तसा हॉल आहे तिथेच वाढतो. पुण्यात १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं. पण जुन्नरहून बालेवाडी म्हणजे नव्वदेक किलोमीटर आणि वाटेत चाकणची वाहतूक कोंडी. रोज पहाटे आणि संध्याकाळी सराव मागणाऱ्या खेळासाठी हे अंतर म्हणजे नकारच.

दोरीचा मल्लखांब मागतो काय? पाच-सहा मीटर उंचीवर एक भक्कम आडवी तुळई किंवा लोखंडी पाइप, त्याला एक कडी, बोटाएवढ्या जाडीचा सुती दोर आणि खाली गादी. झाडाच्या फांदीलाही दोर बांधून शिकलेली पोरं महाराष्ट्रात कमी नाहीत. पूर्वी दोरीच्या जागी वेत असायचा. चांगला वेत मिळेनासा झाला तसा सुती दोर आला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर पकडून मुलगी वर चढते. गाठ मारायची नाही, हा नियम. जे काही वेटाळे घ्यायचे ते अंगाभोवती, मांडीत, काखेत, कमरेवर. आणि ते एका झटक्यात सुटले पाहिजेत. दीडेक मिनिटाच्या संचात चढाई, आसनं, डोकं खाली करून उतरणं, मधेच हात सोडून दिलेला ताठ तोल. पंच बघतात तो अवघडपणा, एका पकडीतून दुसरीत जाण्याची सफाई आणि दोर न हलवण्याची शिस्त. दोर लोंबकळायला लागला की गुण गेले.

खांबाचं गणित वेगळं. सागवानी किंवा शिसवी खांब, खाली जाड, वर निमुळता, मानेच्या वर बोंड. त्याला एरंडेल चोळायचं. अढी, तेढी, दसरंग, सुईदोरा, फरारे, सलामी अशी त्याची भाषा आहे, आणि ती तालमीची भाषा आहे. सोमेश्वर चालुक्याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सापडतो. तो विसरला गेलेला प्रकार पुन्हा उभा केला दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांनी. निजामाच्या अली आणि गुलाब या पैलवानांनी पुण्यात येऊन आव्हान दिलं, तेव्हा पोरसवदा बाळंभट वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तिथे माकडांचे डाव बघून खांबावरची कसरत शिकून आले, असं परंपरा सांगते. गोष्टीचा मुलामा काढून टाकला तरी एवढं उरतं की मल्लखांब हा कुस्तीचा पूरक व्यायाम होता, आणि कुस्ती पुरुषांची होती. खांबावर अंगाला मिठी मारल्यासारखं चढायचं, तेही लंगोट लावून. त्या आखाड्यात मुलगी कुठून येणार?

बिठूरला नानासाहेब आणि तात्या टोपे यांच्याबरोबर मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, मल्लखांब शिकली असं म्हणतात. ते खरं असलं तरी तिच्यानंतर शंभर वर्षं दुसरं नाव सहज आठवत नाही.

पण मुलींच्या कसरती महाराष्ट्रानं पाहिल्याच नव्हत्या असं नाही. जुन्नरच्या आणि मंचरच्या आठवडे बाजारात डोंबाऱ्याचा ढोल वाजायचा आणि एखादी पोर दोन काठ्यांच्या कैचीवर ताणलेल्या दोरावरून चालत जायची. कोल्हाटी बायकांच्या कोलांट्या उड्या आणि काठीवरच्या उड्या हा शतकानुशतकं चाललेला पोटापाण्याचा धंदा होता. लोक बघायचे, पैसे टाकायचे, आणि घरी जाऊन आपल्या पोरीला उंबरठ्याबाहेर धावू द्यायचे नाहीत. नारायणगाव तर तमाशाची पंढरी. तिथल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या पायातल्या ताकदीला १९५७ साली राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. स्त्रीच्या शरीराचं कसब या भागानं कौतुकानं पाहिलं, फक्त ते आपल्या घरातल्या मुलीनं शिकायचं कसब मानलं नाही. मल्लखांबात मुली यायला इतका वेळ का लागला, याचं निम्मं उत्तर इथे आहे. जे तालमीत व्हायचं ते पुरुषाचं, आणि जे बाजारात व्हायचं ते ‘त्यांचं’.

बदल शहरातल्या व्यायामशाळांनी घडवला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. त्याच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं. दुसऱ्याच वर्षी दादरच्या शिवाजी पार्कजवळ श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू झालं. या संस्थांमध्ये हळूहळू मुली आल्या आणि त्यांच्या हाती खांबाऐवजी दोर दिला गेला. दोरीवर मिठी नाही, तेल नाही, पूर्ण कपड्यांत सराव करता येतो. सोयीचं म्हणून मुलींकडे आलेलं हे साधन बरीच वर्षं त्यांच्या स्पर्धेचं एकमेव साधन राहिलं. त्या मर्यादेतून त्यांनी दोरीचं इतकं बारीक शास्त्र केलं की आज दोरीचा मल्लखांब म्हटलं की आधी मुलीच डोळ्यांसमोर येतात. खांब मुलींसाठी स्पर्धेत खुला झाला तो नंतर. आता राष्ट्रीय पातळीवर महिलांना दोन्ही साधनांवर उतरता येतं. शिवाजी पार्कवर फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. पंधरा देशांचे खेळाडू आले, महिलांत मुंबईच्या हिमानी परबनं बाजी मारली. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे, ज्यांनी दोरी परदेशात आणि अंध मुलांच्या हातात नेली, त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

मधल्या काळात मूळ जिम्नॅस्टिक्सचं महाराष्ट्रात काय झालं? ते संपलं नाही. उलट शहरांत जोमानं वाढलं. विशेषतः रिदमिक. चेंडू, हूप, क्लब आणि रिबन घेऊन संगीतावर करायचा हा प्रकार ठाण्यात रुजला. तिथे पूजा सुर्वे यांच्या तालमीत तयार झालेल्या संयुक्ता काळेनं २०२२ साली पंचकुलाच्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं घेतली. गोव्यात २०२३ साली झालेल्या राष्ट्रीय स्पर्धांत चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवून ती सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूच्या मानाची मानकरी ठरली. तो मान तिच्याबरोबर वाटून घेणारी दुसरी खेळाडूही जिम्नॅस्टच होती, ओडिशाची प्रणती नायक. इतक्या मोठ्या स्पर्धेत दोन्ही सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू एकाच खेळातल्या असाव्यात, हे या खेळाच्या आजच्या उंचीचं लक्षण. पण हे यश व्यक्तीचं आणि अकादमीचं आहे, विद्यापीठाचं नाही. बातमीत राज्याचं नाव येतं, प्रशिक्षकाचं येतं. खेळाडू कोणत्या महाविद्यालयात शिकते हे कुणी विचारत नाही.

यात वयाचाही गुंता आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये मुलगी पाच-सहाव्या वर्षी सुरुवात करते आणि सोळाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात उतरू शकते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेला किमान वय सतरा. म्हणजे विद्यापीठाचं दार उघडतं तेव्हा अनेक मुलींच्या मनगट-घोट्यांची दुखणी सुरू झालेली असतात, बारावीनं वेळ खाल्लेला असतो, आणि घरी ‘आता पुरे’चा सूर लागलेला असतो. दीपानं तिसाव्या वर्षी, २०२४ साली, ताश्कंदमध्ये व्हॉल्टचं आशियाई सुवर्ण जिंकलं. उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितिनाला तर टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरताना शेहेचाळीस वर्षं झालेली होती. तेव्हा शरीर संपतं असं म्हणण्यात अर्थ नाही. संपते ती सोय.

अमेरिकेनं ही सोय विद्यापीठातच उभी केली. १९७२ साली तिथे ‘टायटल नाइन’ कायदा आला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुषांत भेद चालणार नाही. खेळांनाही ते लागू झालं. विद्यापीठांना मुलींचे संघ उभे करावे लागले आणि अनेकांनी जिम्नॅस्टिक्स निवडलं. युटा विद्यापीठात ग्रेग मार्सडेन यांनी १९७५ साली संघ हातात घेतला आणि चाळीस वर्षं सोडला नाही. एनसीएए या तिथल्या विद्यापीठीय क्रीडासंघटनेची महिलांची अजिंक्यपद स्पर्धा १९८२ साली सुरू झाली, तिची पहिली पाचही विजेतेपदं युटानं नेली. आज त्या संघाच्या घरच्या लढतीला चौदा-पंधरा हजार माणसं तिकीट काढून येतात. 

तिथे नियमही प्रेक्षकाला कळतील असे ठेवले. प्रत्येक साधनावर सहा मुली उतरतात, त्यातल्या पाच जणींचे गुण धरतात, आणि चार साधनांचे मिळून संघाचे जास्तीत जास्त दोनशे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सनं २००६ साली दहापैकी दहाची पद्धत मोडीत काढली; अमेरिकेच्या विद्यापीठांनी ती जपली. नादिया कोमानेचीनं १९७६ साली माँट्रियलला मिळवलेले दहा गुण दाखवायला फलकावर आकडाच नव्हता, तिथे १.०० उमटलं होतं. तेच दहा तिकडच्या विद्यापीठात आजही एखाद्या शनिवारी रात्री मिळू शकतात. जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या केटलिन ओहाशीनं फ्लोअरवर तसे दहा घेतले, आणि हसत-नाचत केलेला तो संच जगभरच्या फोनवर फिरला. ऑलिंपिकच्या वाटेवर दुखापतींनी बेजार होऊन बाहेर पडलेली ही मुलगी विद्यापीठात येऊन खेळात पुन्हा रमली. विद्यापीठाचा संघ काय करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायला नको.

तेवढा पैसा आपल्या विद्यापीठांकडे नाही, आणि जिम्नॅस्टिक्सचे हॉल प्रत्येक तालुक्यात होणार नाहीत, हे मान्य करून बोललं पाहिजे. मग जुन्नर-आंबेगावच्या मुलीपुढे वाट कोणती? इथे ती विसाव्या शतकात बाहेर काढलेली दोरी पुन्हा कामाला येते. मल्लखांब २०२२ साली पंचकुलात युवा स्पर्धांत होता, बंगळूरूत विद्यापीठ स्पर्धांत होता, आणि त्याच वर्षी गुजरातमधल्या राष्ट्रीय स्पर्धांतही तो आला. हिमानी परब ही अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली मल्लखांबपटू ठरली. म्हणजे स्पर्धा आहेत, पदकं आहेत, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या राखीव जागांचा विचार करताना हा खेळ मोजला जातो. आणि तोलाचं, उलटं लटकण्याचं, हवेत शरीराची दिशा ओळखण्याचं जे शिक्षण जिम्नॅस्टिक्स देतं, त्यातलं बरंचसं दोरीवर मिळतं.

आंबेगावचा पश्चिम पट्टा आदिवासी. भीमाशंकर, आहुपे, डिंभे धरणाच्या काठची गावं. जुन्नरकडे नाणेघाटाच्या वाटेवरची गावं. इथल्या मुली आश्रमशाळांत शिकतात, आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या स्पर्धांत कबड्डी, खो-खो, धावणं खेळतात. हिरड्याच्या मोसमात झाडावर चढणाऱ्या या मुली जात्याच मल्लखांबपटू असतात, असं भाषणात सांगायला छान वाटतं, पण ते खरं नाही. झाडावर चढणं आणि दोरीवर दसरंग करणं यांत वर्षांच्या सरावाचं अंतर आहे, आणि तो सराव शिकवणारं माणूस लागतं. तिथेच खरी अडचण. दोर दोन दिवसांत टांगता येतो; सुरक्षित वेटाळा कसा घ्यायचा, मुलगी घाबरून मधेच थांबली तर खालून काय बोलायचं, पडताना तिला कसं झेलायचं, हे जाणणारा शिक्षक दोन दिवसांत तयार होत नाही. महाराष्ट्रात असे शिक्षक आहेत, पण ते पुण्या-मुंबईत, अमरावतीत. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय अर्धशतकाजवळ येऊन ठेपलं आहे. तिथून शिकून बाहेर पडणारे तरुण-तरुणी तालुक्यांतल्या शाळांत नोकरीला लागतातही. पण गावच्या शाळेत पोचल्यावर त्यांच्या हाती येतात ते कबड्डीचे आणि खो-खोचे संघ, कारण ढाल त्यात मिळते आणि मुख्याध्यापकांना ढाल दिसावी लागते.

गावकऱ्यांचा उत्साह कमी आहे म्हणावं तर तसंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि आंबेगाव-जुन्नरच्या घाटांवर बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या. बक्षिसांत मोटारसायकली, ट्रॅक्टर आले. यात्रेतले कुस्तीचे फड कधी बंद पडलेच नव्हते. खेळावर पैसा टाकायची आणि उन्हात उभं राहून दाद द्यायची सवय या मातीला आहे. अलीकडे काही गावांच्या फडांत मुलींच्याही कुस्त्या लागू लागल्या आहेत, आणि त्यांच्या लढतींना टाळ्या कमी पडत नाहीत. त्याच फडात, मैदानाच्या कडेला दोन खांब रोवून आडवा पाइप टाकला तर दोर टांगता येतो. यात्रा समितीच्या खर्चाच्या यादीत तो ध्वनिक्षेपकाच्या भाड्यापेक्षाही खालच्या ओळीत बसेल.

महाविद्यालयांच्या बाजूनं गरज आहे ती गटवार आखणीची. सध्या होतं असं की आंतरमहाविद्यालयीन मल्लखांब स्पर्धा जाहीर झाली की जिथे मुळात मुली खेळतात ती शहरातली दोन-चार महाविद्यालयं येतात, आणि ग्रामीण विभागातून कुणी नाही म्हणून रकाना कोरा राहतो. मंचर, घोडेगाव, जुन्नर, ओतूर ही चार महाविद्यालयं एकमेकांपासून एसटीनं तासा-दीड तासाच्या आत आहेत. चौघांत मिळून एक प्रशिक्षक, एक ठिकाण आणि आठवड्यातून तीन सराव, एवढं जमलं तर पहिल्या वर्षाची मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत निवड चाचणीला उभी राहू शकते. त्याआधी शाळेपासून सुरुवात झाली तर उत्तमच. पण अठराव्या वर्षी दोर पहिल्यांदा हातात घेणारी मुलगीही वर्ष-दीड वर्षात चढाई, साधी आसनं आणि एक-दोन वेटाळे सफाईनं करू लागते. विद्यापीठाच्या संघात जायला ते पुरेल की नाही, हे पश्चिम विभागातल्या मुंबई, अमरावती, उज्जैनकडच्या मुली किती पुढे गेल्या आहेत त्यावर ठरेल, आणि त्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत.